उच्चार कशासाठी?

मेळघाटातील कोरकू मूल शाळेत मराठी शिकताना ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले, की वर्ग हसतो. अर्थ कोणाचा अडला? कोणाचाच नाही. दुखावला तो केवळ शुद्धतेचा अहंकार. ‘मन’ आणि ‘मण’ यांत मात्र अर्थच बदलतो. तो भेद शिक्षकाने आस्थेने शिकवलाच पाहिजे. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डेव्हिड ॲबरक्रॉम्बी यांनी १९४९ मध्येच म्हटले होते, की बहुतेक शिकणाऱ्यांचे बोलणे ऐकणाऱ्यास सहज समजावे, एवढे उद्दिष्ट पुरे. उच्चारशिक्षण हे संवादाचे साधन आहे. जात आणि वर्ग निवडण्याची चाळणी नव्हे. हसे होईल या भीतीने जे मूल मुकेच राहते, त्याला शुद्ध उच्चार काय कामाचा? कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.