तो 'मित्र' कोण लागतो?



शेजारच्या सांगलीत १९९२ पासून 'संग्राम'ने एचआयव्ही रोखण्याचं काम वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच हाती दिलं. त्याचं आपल्याला कौतुक. मग दोन पुरुषांच्या संसाराबद्दल आपण गप्प का?

रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे गोळीची आठवण करणारा, तपासणीला सोबत येणारा माणूस हाच मोठा प्रतिबंध. सरकारी एआरटी केंद्रांतून औषध फुकट मिळतं. पण कोल्हापुरात एका खोलीत 'मित्र' म्हणून राहणाऱ्याने रांगेत कोणत्या नात्याने उभं राहायचं? ३७७ कलमाचा बडगा २०१८ मध्ये उठला, लग्नाची मान्यता मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नाकारली.

आणि घरचे? 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून सून आणतात. गोळ्या कपाटामागे जातात, चुकतात. तिला काहीच ठाऊक नसतं. (उद्या ती आपल्याकडेच येणार.)

'माझा मित्र आजारी आहे' म्हणत कुणी आपल्या केंद्रात आला, तर त्याला बसायला सांगायचं की 'हे बायकांचं केंद्र' म्हणायचं? पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घेऊ या.