शेंडे उडवणे ही छाटणी नव्हे

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या अनेक सोसायट्या झाडांचे शेंडे सरसकट उडवून घेतात. फांदी कोसळण्याची भीती खरी आहे. उपाय मात्र उलटा. कापलेल्या टोकांवर फुटणारे धुमारे भराभर वाढतात, पण त्यांचा जोड कच्चा असतो आणि उघड्या जखमेतून कूज आत शिरते. जड फांदीला आधी खालून खाप द्यावी, मग थोडे पुढे वरून करवत चालवावी, म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट बुंध्यालगतच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढावा. महापालिकेच्या परवानगीला वेळ लागतो म्हणतात, तर अर्ज हिवाळ्यातच करावा. परवानगीविना शेंडे उडवा म्हणणाऱ्या ग्राहकाला कारागिराने स्पष्ट नकार द्यावा, आणि सोसायट्यांनी अशा कारागिरालाच काम द्यावे.