चार दिवसांचा प्रश्न आणि चार खाती

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका घरी गेले होते. घर म्हणजे एकच खोली. आई चार ठिकाणी धुणीभांडी करते, वडील नाहीत. मुलगी एकोणीस वर्षांची, बौद्धिक अपंगत्व असलेली. अठरा पूर्ण झाली आणि विशेष शाळा संपली. तेव्हापासून आई कामाला जाताना बाहेरून कडी लावून जाते. चहा झाल्यावर त्या माउलीनं आवाज खाली आणून विचारलं, "ताई, हिची पिशवी काढून मिळेल का हो सरकारी दवाखान्यात?"

मी शिकल्याप्रमाणे उत्तर दिलं. पोरीच्या संमतीशिवाय असं करता येत नाही, कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, लहान वयात गर्भाशय काढलं तर पुढे हाडांना, तब्येतीला त्रास होतो. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मग महिन्यातले चार दिवस तुम्ही येता का हिच्यापाशी बसायला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराबद्दल आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या 'मतिमंद' मुलींना (तेव्हा हाच शब्द चालत असे) पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. दहाहून अधिक जणींच्या शस्त्रक्रिया झाल्यावर गदारोळ उठला. स्त्री-संघटना आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या. मी तेव्हा अगदी लहान होते. समाजकार्याचं शिक्षण घेताना ग्रंथालयातल्या कात्रणांतून हे सगळं वाचलं. शासनाच्या बाजूनं दोन कारणं दिली गेली होती. या मुलींना पाळीच्या दिवसांतली स्वच्छता राखता येत नाही, हे एक. आणि उद्या अत्याचार झाला तर गर्भ राहील, हे दुसरं. म्हणजे अत्याचार होणार हे शासनानं गृहीतच धरलं होतं! पिशवी काढल्यानं अत्याचार थांबत नाही, फक्त तो उघडकीला यायचा एक रस्ता बंद होतो, हे आपल्या बायकांनी तेव्हा ठणकावून सांगितलं.

त्यानंतर कायदा खूप पुढे गेला. चंदीगडमधल्या एका शासकीय संस्थेत बलात्कार होऊन गरोदर राहिलेल्या अपंग तरुणीचा गर्भपात तिची इच्छा नसताना करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिला. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १० नुसार वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. याच कायद्याचं कलम ५ सांगतं की अपंग व्यक्तीला समाजात, चारचौघांसारखं राहण्याचा हक्क आहे. कलम ३७ मध्ये घरांच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, त्यातही अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे. कलम २४ मध्ये ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे.

कागदावर एवढं सगळं असताना ती आई मला तो प्रश्न का विचारते? कायद्याचे शब्द नीट वाचा, म्हणजे कळेल. सुरी चालवू नका, हे सांगताना कायदा ठाम आहे. पण समाजात राहण्यासाठी लागणाऱ्या सेवांची वेळ आली की शासन 'प्रयत्न करील' आणि भत्त्याची वेळ आली की 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' देईल, अशी भाषा सुरू होते. ही मर्यादा कुठे आखायची ते विधिमंडळ ठरवतं. सार्वजनिक आरोग्य आणि अपंगांना साहाय्य हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहेत. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून आपल्या आमदारांना सुटका नाही.

विधिमंडळात या बाईचं काय होतं ते पाहा. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या मागण्या येतात. तिची पाळी, तिचं पोट हा आरोग्य खात्याचा विषय. तिचं घर हा गृहनिर्माण खात्याचा, खेड्यात असली तर ग्रामविकासाचा. तिच्यावर अत्याचार झाला तर महिला व बालविकास. तिचं प्रमाणपत्र, शाळा, कार्यशाळा हे अपंग कल्याण. त्यासाठी २०२२ च्या डिसेंबरात राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला, हे चांगलंच झालं. पण अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा, बाई एक आणि फायली चार. प्रत्येक फाईल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते. आणि घर, मदतनीस, सुरक्षितता यांतलं कोणीच काही दिलं नाही की सगळा भार येतो तिच्या आईवर, आणि तिथून तिच्या शरीरावर. पिशवी काढणं हा राज्यानं न केलेल्या कामांवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय ठरतो.

हे फक्त अपंग स्त्रियांपुरतं खरं नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचं जगणं पुढे आलं. नवराबायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, एक खाडा झाला की मुकादमाचा दंड. फडावर ना संडास ना न्हाणीघर. पाळी परवडतच नाही. त्यानंतर शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचा नियम आला. नियम हवाच होता. पण परवानगीनं सुरी थांबते, खाडा थांबत नाही. शिरूर आणि बीड यांच्यात पंचवीस वर्षांचं अंतर आहे, गोष्ट मात्र एकच आहे.

कोणी म्हणेल, सरकार पैसे तर देतंय. खरं आहे. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचं अनुदान अडीच हजारांवर नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. २०२४ मध्ये आलेल्या 'लाडकी बहीण'चे दीड हजार लाखो बायकांच्या खात्यात गेले. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येतात याचं मोल मी कमी लेखत नाही. ते आल्यावर घरात तिचा आवाज कसा बदलतो ते मी पाहिलं आहे. पण अडीच हजारांत दिवसभर सांभाळायला माणूस मिळत नाही, तालुक्यात नसलेलं घर विकत घेता येत नाही. सेवा उभारायच्या तर माणसं नेमावी लागतात, वर्षानुवर्षं पगार द्यावे लागतात, त्यांच्या कामावर देखरेख ठेवावी लागते. म्हणून सभागृहात रकमेवर टाळ्या पडतात आणि सेवांवर चर्चा होत नाही. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जणांच्या विधानसभेत जेमतेम २१ बाया निवडून आल्या, हेही त्याचं एक कारण आहे. एकमेव मात्र नाही.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. १९९४ साली चळवळीनं 'नाही' म्हटलं ते योग्यच होतं. पण त्या 'नाही'च्या पुढचं काम आपण अर्धवट सोडलं. मुलीचा हक्क सांगताना आपण आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ती मुलीची वैरीण नाही. "आमच्या माघारी हिचं काय?" हा प्रश्न उशाला घेऊन ती झोपते. आणि जिची पिशवी काढायची चर्चा चालते, त्या मुलीला तर कुणी काहीच विचारत नाही. त्या दिवशी मीही आईशीच बोलत होते. मुलगी कोपऱ्यात बसून आमच्याकडे पाहत होती. नंतर आमच्या एका सहकारी मैत्रिणीनं तिच्याशी गट्टी जमवली. चित्रं दाखवून, बाहुलीला कापड लावून, पुन्हा पुन्हा करून घेत तिला पाळीचं शिकवलं. पाचव्या महिन्यात तिचं तिला बरंचसं जमू लागलं. बाहेरची कडी मात्र अजून तशीच आहे, कारण दिवसा तिनं जावं असं ठिकाण वस्तीत नाही.

म्हणून आमदारांपुढे ठेवायच्या मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी अपंग स्त्रियांसाठी पाचसहा जणींची छोटी घरं हवीत, गावाबाहेर कुंपणातली वसतिगृहं नकोत. घरांच्या ५ टक्के आरक्षणातून किती घरं अपंग बाईच्या स्वतःच्या नावावर झाली, याचा हिशेब दर वर्षी सभागृहात मांडला जावा. काळजीवाहकाचा भत्ता प्रत्यक्षात मिळावा. शिवाय आईला आजारपणात, लग्नकार्यात चार दिवस मोकळीक मिळेल अशी तात्पुरत्या सांभाळाची सोय व्हावी. अपंग मुलीला पाळीचं कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण आशाताईंना मिळावं, आणि त्याचा वेगळा मोबदलाही. आणि चारही खात्यांच्या मंत्र्यांना एकाच दिवशी एकत्र उत्तर द्यायला लावणारी चर्चा व्हावी.

मैत्रिणींनो, अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराकडे जा. निवेदन देऊन फोटो काढून परतू नका. सोबत एका तरी आईला आणि तिच्या मुलीला न्या. आईला तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत विचारू द्या: "साहेब, महिन्यातले चार दिवस कोण येणार?" मला उत्तर देता आलं नाही. ते द्यायला ज्यांना निवडून दिलंय, त्यांना तरी ते देता येतं का, पाहू या.