हेअर डाय मिनिटांत घरी येतो, पण २४ तासांच्या टेस्टचं काय?

समजा, उद्या सांडोरला मैत्रिणीचं लग्न आहे आणि आज तुम्ही ॲपवरून काळा हेअर डाय मागवलात. पाकीट वेळेत येईलही. पण तो डाय तुम्हाला सोसतो का, हे तपासायलाच २४ तास लागतात.

नेमकं घातक काय?
पक्क्या, गडद रंगाच्या बहुतेक डायमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची रिॲक्शन होऊन केसाच्या आत रंग तयार होतो. काहींना त्याची ॲलर्जी होते: खाज, पुरळ, चेहरा-डोळे सुजणं, क्वचित श्वास घ्यायला त्रास. आधी चार वेळा काही झालं नाही, तरी पाचव्या वेळी होऊ शकतं.

‘अमोनिया-फ्री’ लिहिलं म्हणजे पीपीडी नाही, असं समजू नका. ‘काळी मेंदी’ही तपासा, खरी मेंदी लालसर-तपकिरीच रंगते.

कॅन्सर होतो का?
फॉरवर्ड मेसेज सांगतात तितकं हे सरळ नाही. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सलूनमध्ये काम करणाऱ्यांचा रोजचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवला आहे. स्वतःच्या केसांना डाय लावणाऱ्यांबाबत मात्र पुरावा अपुरा मानला. म्हणजे काळजी आधी पार्लरमधल्या ताईची करायला हवी. हातमोजे आणि खेळती हवा तिला मिळायलाच हवी.

इशारा स्क्रीनवर का दिसत नाही?
भारतीय नियमांनुसार पीपीडी असलेल्या डायच्या पाकिटावर इंग्रजी आणि स्थानिक भाषेत इशारा लागतो, आत टेस्टची माहितीही. पण खरेदी होते स्क्रीनवर. तिथे किंमत, ऑफर ठळक असतात. इशारा हातात येतो पैसे भरल्यावर.

फोन हातात आहेच, तर:
- ऑर्डर करण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो झूम करून पीपीडी शोधा. घटकांची यादीच दिसत नसेल, तर घेऊ नका.
- कानामागे थोडा तयार डाय लावा, २४ तासांचा अलार्म लावा. दर वेळी ही टेस्ट करा. काहींना त्रास आणखी उशिरा होतो, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवा.
- भुवया-पापण्यांना डाय लावू नका. दृष्टी जाऊ शकते.
- त्रास झाला तर लगेच धुवा, पाकिटाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. श्वास अडला तर थेट हॉस्पिटल गाठा.

डाय लग्नाच्या आदल्या दिवशी नाही, आदल्या आठवड्यात मागवा.