डिसेंट कोण, बी क्लास कोण?



टीव्हीवरच्या मालिकेत नायिकेचं लग्न लागतं तेव्हा मांडवात पन्नास-साठ माणसं बसलेली असतात. त्यांच्यात आपल्या वस्तीतला एक चेहरा शोधून दाखवा. नाही सापडणार. आता तीच मालिका चार आठवडे पुढं न्या. झोपडपट्टी येते, मोर्चा येतो, दारूचा गुत्ता येतो, नायिकेची पर्स मारून पळणारा येतो. आता शोधा. ढिगानं सापडतील. त्या ढिगातला मी एक. सहा वर्षं मालिकांच्या सेटवर गर्दीचं काम करतोय. सहा वर्षांत मांडवात एकदाही बसलो नाही. एकदा मांडवामागं खुर्च्या वाहताना दिसलो, तोही पाठमोरा.

आमच्या कामाला पूर्वी 'एक्स्ट्रा' म्हणत. एक्स्ट्रा म्हणजे जादाचा, हिशेबाबाहेरचा. पुढं धंद्यातल्या कुणाला तरी लाज वाटली आणि नाव पडलं 'ज्युनियर आर्टिस्ट'. साठीची म्हातारीसुद्धा ज्युनियर. ती थेट सरणावरच सिनियर व्हायची. गोड नाव दिलं म्हणून माणसाचं जिणं बदलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्यालाही एकदा देवाची लेकरं म्हणून झालंय. तेव्हाही देवळाचं दार बंदच होतं.

खरी भानगड पुढंच आहे. गर्दीलाही प्रत असते. आदल्या रात्री कोऑर्डिनेटरच्या फोनवर मागणी येते : डिसेंट पंधरा, ए क्लास दहा, बी क्लास पंचवीस. किराणा दुकानात तांदूळ मागावा तशी. डिसेंट म्हणजे गोरे, उंच, अंगावर बरे कपडे असलेले. हे पार्टीत, हॉटेलात, विमानतळावर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये उभे राहतात. काही ठिकाणी त्यांच्याही डोक्यावर सुपर डिसेंट असतात. ए क्लास म्हणजे मधले. आणि बी क्लास म्हणजे आम्ही. हमाल, भिकारी, गर्दुल्ले, मोर्चेवाले, गावजेवणातली शेवटची पंगत.

प्रत्येक प्रतीचा रोज वेगळा. काम मात्र सगळ्यांचं एकच. सांगितलं की इकडून तिकडं 'पासिंग' द्यायचं, ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. डिसेंटवाला हातात सरबताचा ग्लास धरून एसीत उभा राहतो. मी डोक्यावर पाटी घेऊन बारा वेळा तोच चढ चढतो, कारण नायकाची ओळ बारा वेळा चुकली. संध्याकाळी रोज त्याला जास्त. कशाचा जास्त? घामाचा म्हणाल तर घाम माझा गळला. हा रोज कातडीचा आहे. जो माल जन्मताना फुकट मिळाला त्याची मजुरी त्याला मिळते, आणि मला जन्मताना जे मिळालं त्याचा दंड माझ्या मजुरीतून कापला जातो. असा धंदा या देशात फार जुना आहे. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे.

आता कुणी शहाणा म्हणेल, अरे, सेटवर कुणी जात विचारतं का? एक प्रोडक्शनवाला मला हेच म्हणाला. म्हणाला, "भाऊ, इथं फक्त लूक बघतात. कलेत जात नसते."

बरोबर आहे त्याचं. जात कुणी विचारत नाही. विचारायची गरजच ठेवलेली नाही. मुंबईच्या गिरण्या आठवा. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी जास्त. तिथं आपल्या माणसाला पाय ठेवू देत नव्हते. कारण काय? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या थुंकीनं शेजारचा कामगार बाटतो. म्हणून आपली माणसं कमी मजुरीच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न टाकला : कामगार जर सगळे एक, तर साचेखात्याचं दार आमच्या कामगाराला बंद का? दार मालकानं लावलं होतं हे खरं. पण आतून कडी कामगारांनीच घातली होती.

आज धोटा नाही, कॅमेरा आहे. थुंकीच्या जागी 'लूक' आलाय. साचेखातं तेच.

रंगावरून जात ओळखता येत नाही, हे मलाही कळतं. आपल्यात गोरे आहेत, त्यांच्यात काळे आहेत. बी क्लासच्या रांगेत माझ्या शेजारी आगरी उभा असतो, युपीचा मुसलमान उभा असतो, शेती बुडून मुंबईत आलेला मराठ्याचा पोरगाही उभा असतो. प्रश्न कुणाच्या दाखल्यावर काय लिहिलंय हा नाही. प्रश्न असा की घाण, गुन्हा आणि गरिबी दाखवायची झाली की कुठला चेहरा उचलायचा, आणि अब्रू, पैसा, संस्कार दाखवायचे झाले की कुठला, हे त्या एकविशीच्या असिस्टंटला कुणी शिकवलं? त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो ते घरातून घेऊन आलाय. म्हणूनच त्याला वाटतं की आपण जात मानत नाही.

आणि हे नुसतं गर्दीपुरतं नाही. २०१९ साली 'रंग माझा वेगळा' नावाची मालिका सुरू झाली. सावळ्या मुलीची कहाणी. घराघरात चालली. पण ती सावळी मुलगी मेकअपनं सावळी केलेली होती. आख्ख्या महाराष्ट्रात, जिथं उन्हात राबणाऱ्या बाया मोजता येत नाहीत, तिथं काळ्या रंगाचं दुःख सांगायलासुद्धा रंग लावावा लागला. म्हणजे आमचं दुःख चालतं, आमचं तोंड चालत नाही. आमचं तोंड लागतं ते नायिकेच्या मागं, जरा धूसर.

एका सीनचं सांगतो. वस्तीवर लाठीमार होतो असा प्रसंग. पोलीस झाले ए क्लासवाले, धिप्पाड. पळायला आम्ही. असिस्टंट ओरडला, "अरे, घाबरलेले वाटत नाही तुम्ही! पळायचं शिकवू का?" माझ्या शेजारची मावशी हळूच म्हणाली, "ह्याला सांग रं, आमाला पळायचं नगं शिकवू." ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेवरून जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. मावशी तिकडचीच. तिला रिहर्सल कसली देता? पण तिच्या अनुभवाचा रोज लागत नाही. तिच्या फाटक्या लुगड्याचा लागतो, आणि तेही तिनं घरून आणायचं.

हीच मावशी लघवीला जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. कपडे बदलायला दोन बायांनी साडी धरायची, तिसरीनं आत बदलायचं. कलाकारांना सीलबंद बाटल्या, आम्हाला एक जार आणि त्यावर एकच पेला. जेवण आधी त्यांचं, मग युनिटचं, सगळ्यात शेवटी आमचं, तोवर भाजी संपलेली. चुकून वरच्या रांगेत ताट घेऊन उभा राहिलास तर लांबून हाक येते, "ए जुनियर, तिकडं." १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळ भरायला आपली माणसं गेली, तेव्हा भांडण पाण्याच्या चवीचं नव्हतं. रांगेचं होतं. ते भांडण मिटलं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्याबरोबर यावं. वडाळ्याला गाडी बदलून गोरेगाव, तिथून बसनं फिल्मसिटी. नाहीतर नायगाव, नाहीतर मढ. सातचा कॉल.

मग प्रश्न येतो, एवढी माणसं आहेत तर एक का होत नाहीत? उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवलंय. श्रेणीबद्ध विषमता. इथं प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी ठेवलेला आहे. सुपर डिसेंटच्या खाली डिसेंट, त्याच्याखाली ए, त्याच्याखाली बी. डिसेंटवाला माझ्या बाकावर बसत नाही. उद्या आपण सिरियलमध्ये दोन ओळी बोलू या आशेवर तो जगतो. ए क्लासवाला देवाला एवढंच मागतो की बीमध्ये टाकू नकोस. आणि आमच्यातला जरा उजळ पोरगा महिन्याच्या कमाईतून क्रीम घेतो. युनियनासुद्धा अशाच वाटलेल्या. नाव असलेल्या कलाकारांची सिंटा वेगळी, गर्दीतल्या पुरुषांची ज्युनियर आर्टिस्ट असोसिएशन वेगळी, बायांचा महिला कलाकार संघ वेगळा. आणि माझ्यासारखे बिनकार्डाचे कुठंच नाहीत. अमेरिकेत २०२३ साली नटांनी ११८ दिवस संप केला. त्यांच्या युनियनमध्ये मोठा स्टार आणि मागं उभा राहणारा एक्स्ट्रा एकाच छत्राखाली. यंत्रानं एक्स्ट्राचा चेहरा उतरवून घ्यायचा आणि तो पुन्हा पुन्हा वापरायचा, हा त्या भांडणातला एक मुद्दा होता. ते संकट आपल्याकडंही येणार. ज्या दिवशी गर्दी कॉम्प्युटरवर तयार होईल त्या दिवशी आम्हाला बी क्लास म्हणायलाही कुणी उरणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग थांबलं आणि काही महिन्यांनी परत सुरू झालं, तेव्हा आधी कुणाला कापलं होतं? गर्दीला.

पैशाचंही ऐका. व्हाउचरवर बाराशे लिहिलेले, माझ्या हातात सातशे. मधले पाचशे कुठं उतरले ते विचारायचं नाही; विचारलं की पुढचा फोन येत नाही. तेही लगेच नाहीत. मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे द्यायची रीत पडलीय. भाकरी नव्वद दिवस थांबते का? शिफ्ट बारा तासांची. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाला आठवड्याचे ४८ तास ठरवणारं विधेयक त्यांनीच मांडलं, त्याचा कायदा १९४६ साली झाला. चारच शिफ्टमध्ये आमचे ४८ तास भरतात. पाचव्या शिफ्टचा मालक कोण?

कायदा नाही असंही नाही. १९८१ साली सिने कामगारांचा कायदा झाला, पण तो कथाचित्रपटांपुरता; मालिकावाले त्यातून सुटले. आता नव्या श्रमसंहितेत टीव्ही मालिका आणि वेब मालिकासुद्धा आल्या आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. लेखी करार केल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही, मग निर्माता थेट घेवो की कंत्राटदारामार्फत, असं त्यात आहे. मी अजून असा कागद पाहिलेला नाही. तुमच्यापैकी जे वकिलीला आहेत त्यांनी ही संहिता वाचावी आणि वस्तीत येऊन आमच्या भाषेत सांगावी. नुसती जयंतीची भाषणं पाठ करू नयेत.

आणि आता आपल्या माणसांशी दोन शब्द. रागावलात तरी चालेल.

बाबासाहेबांच्या जीवनावर २०१९ मध्ये मराठीत एक आणि हिंदीत एक मालिका आली. आपल्या आया टीव्हीपुढं हात जोडून बसल्या. त्याची किंमत मला ठाऊक आहे, ती मी कमी करणार नाही. त्या सेटांवर मी नव्हतो, तिथं कोण कसं वागलं ते मी सांगत नाही. मी आपल्याला विचारतोय. एखाद्या मालिकेत एक संवाद चुकला की आपण निवेदन काढतो, चॅनेलवर मोर्चा नेतो. न्यावाच. पण पडद्यावरच्या सभेत हजार माणसं बसली, तर ती कोण होती, त्यांना रोज किती मिळाला, पाणी कुठलं मिळालं, हे विचारायला आपल्यातला एक तरी कधी गेला? पुतळ्याला हात लावला तर रस्त्यावर येणारे आपण, माणसाला हात लावला तर घरी का?

दुसरं म्हणजे, 'फँड्री' आणि 'सैराट' आले तेव्हा आपली पोरं नाचली. आता दार उघडलं म्हणाली. दार उघडलं नव्हतं, नागराज मंजुळेंनी लाथ मारली होती. लाथेनं पडलेल्या भोकातून दोघं-तिघं आत गेले, चांगलंच झालं. बाकीचे बाहेर रांगेतच आहेत, आणि रांगेला अजून ए आणि बी आहेच. आपल्यातला एखादा डिसेंट झाला म्हणून बी क्लास मोडत नाही. उलट रांग लावणाऱ्याला दाखवायला एक माणूस मिळतो.

म्हणून माझी मागणी आम्हाला मांडवात बसवा अशी नाही. मांडवातल्या खुर्चीसाठी मी भांडत नाही. रोजाची प्रतवारीच मोडा. एक काम, एक रोज, चेहऱ्याचा भाव शून्य. मस्टरवर नाव, हातात करार, पैसे थेट खात्यात. बायांना दार असलेली खोली. सगळ्यांना एकच पाणी.

यातलं काही कुणी आपणहून देणार नाही. सुरुवात वहीपासून करा. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कोण कुठल्या सेटवर गेला, किती वाजता, कुठल्या प्रतीत, व्हाउचरवर किती, हातात किती, कधी मिळाले. सगळं तारखेनिशी. आमचं नाव कुणाच्याच हिशेबात नाही, तेव्हा हिशेब आपणच लिहायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं शेजाऱ्यानं लिहायचं. वीस वस्त्यांच्या वीस वह्या एकत्र आल्या की मग कोऑर्डिनेटरच्या दारात एकटा मी जाणार नाही, आणि त्याला एकट्याचा फोन कापता येणार नाही. बी क्लासच्या वहीत आगऱ्याचं नाव लिहा, मुसलमानाचं लिहा, मराठ्याच्या पोराचं लिहा. डिसेंटवाला आला तर त्याचंही लिहा, पण त्याच ओळीत, वर नाही.

हा अंक हातोहात फिरेल आणि कुठल्या तरी कोऑर्डिनेटरच्या टेबलावरही पडेल. माझा फोन बंद होईल. होऊ दे. चेंबूरच्या वस्तीतली पहिली वही माझ्याकडं आहे, तिच्यात आजपर्यंत सतरा नावं आहेत. तुमच्या वस्तीतली दुसरी कोण घेतोय, ते कळवा.

जय भीम.