ऑलिम्पिकची वही एका वर्षाची

दर चार वर्षांनी ऑलिम्पिकचा संघ जाहीर झाला की घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो : अमुक खेळाडूचे नाव यादीत का नाही? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळीही तो विचारला गेला. बॅडमिंटनसाठी भारतातून सात जण गेले. एकेरीत पी. व्ही. सिंधू, लक्ष्य सेन आणि एच. एस. प्रणॉय, पुरुष दुहेरीत सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी, महिला दुहेरीत अश्विनी पोनप्पा आणि मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील तनिषा क्रास्टो. एकेकाळी जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचलेला किदाम्बी श्रीकांत त्यांत नव्हता. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्य फेरी गाठणारी त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांची जोडीही नव्हती.

अशा वेळी निवड समितीकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. परंतु बॅडमिंटनमध्ये समितीच्या हाती फारसे काही नसते. ऑलिम्पिकचा दरवाजा उघडतो तो जागतिक क्रमवारीतील गुणांनी, आणि ते गुण एका ठरलेल्या वर्षात, ठरलेल्या नियमांनी मांडले जातात. हा हिशेब ज्याला समजला, त्याला यादीबाहेर राहिलेल्या खेळाडूकडे पाहण्याची दृष्टीही निराळी मिळते.

पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी ‘पूना’ या नावाने खेळत असलेला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून आला तो १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेत. त्याच्या जागा फार थोड्या आहेत. पॅरिसमध्ये सर्व पाच प्रकार मिळून १७२ खेळाडूंची मर्यादा होती. ८६ पुरुष आणि ८६ महिला. दुहेरीच्या प्रत्येक प्रकारात साधारणतः अवघ्या सोळा जोड्या. जगभर हजारो खेळाडू ज्या खेळावर आयुष्य वेचतात, त्याच्या सर्वांत मोठ्या उत्सवाला एवढाच मांडव.

या मांडवात कोण बसणार, हे ठरविण्यासाठी जागतिक बॅडमिंटन महासंघ स्पर्धांच्या पायऱ्या पाडतो आणि प्रत्येक पायरीला गुण ठरवून देतो. पॅरिसच्या वेळी जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्याला १३,००० गुण मिळत. त्याखालोखाल ‘सुपर १०००’ दर्जाच्या स्पर्धा. ऑल इंग्लंड त्यांतलीच. तेथील विजेत्याला १२,००० गुण. पुढे ‘सुपर ७५०’ साठी ११,०००, ‘सुपर ५००’ साठी ९,२००, ‘सुपर ३००’ साठी ७,००० आणि ‘सुपर १००’ साठी ५,५००. त्याहून खालच्या ‘इंटरनॅशनल चॅलेंज’ स्पर्धेच्या विजेत्याला ४,०००. हरणाऱ्यालाही तो ज्या फेरीपर्यंत पोहोचला तिच्या मानाने गुण मिळतात. ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत हरणाऱ्याचे गुण ८,४०० होतात. म्हणजे लहान ‘सुपर ३००’ स्पर्धा जिंकण्यापेक्षा मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत जाऊन हरणे अधिक मोलाचे ठरते.

खेळाडूने वर्षभरात कितीही स्पर्धा खेळल्या, तरी त्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचेच गुण धरले जातात. पॅरिससाठी हे वर्ष १ मे २०२३ पासून एप्रिल २०२४ च्या अखेरीपर्यंतचे होते. दिवाळीला जुनी वही बंद होऊन नवी उघडावी, तसा हा प्रकार. फरक एवढाच की व्यापाऱ्याच्या नव्या वहीत मागची शिल्लक पुढे ओढली जाते. ऑलिम्पिकची वही मात्र कोरी उघडते. मागचे सगळे यश मागेच राहते.

त्रिसा आणि गायत्री यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. २०२३ च्या ऑल इंग्लंडमध्ये त्यांनी उपांत्य फेरी गाठली ती मार्च महिन्यात. पॅरिसची वही उघडायला तेव्हा जेमतेम सहा आठवडे उरले होते. त्या ८,४०० गुणांनी जागतिक क्रमवारीत त्यांची पत वाढली. परंतु पॅरिसच्या हिशेबात त्यांची एका गुणाचीही नोंद झाली नाही.

दुसऱ्या बाजूला अश्विनी आणि तनिषा. अश्विनी तोवर दोन ऑलिम्पिक खेळून झालेली, २०११ मध्ये ज्वाला गुट्टासह जागतिक कांस्यपदक मिळविलेली. तनिषा तिच्याहून जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. दोघी एकत्र आल्या त्या २०२३ च्या सुरुवातीस. दुहेरीतील गुण एकेका खेळाडूच्या नव्हे, तर जोडीच्या नावावर जमा होतात. भागीदार बदलला की नवी पेढी आणि नवे खाते. त्यामुळे अश्विनीची जुनी पुण्याई या खात्यात येणार नव्हती.

नव्या पेढीला बाजारात उधारी मिळत नाही, तीच गत क्रमवारीत खाली असलेल्या जोडीची. मोठ्या स्पर्धांत प्रवेश क्रमवारीवरून मिळतो. ‘सुपर १०००’ च्या मुख्य फेरीत बत्तीस जोड्यांनाच जागा असते. म्हणजे गुण जेथे भरघोस, तेथे जाण्यासाठी आधी गुणच हवेत. हे चक्र भेदण्याचा मार्ग एकच : लहान स्पर्धांपासून आरंभ करणे. अश्विनी आणि तनिषा यांनी तोच धरला. फ्रान्समधील नाँत येथील ‘इंटरनॅशनल चॅलेंज’ स्पर्धा त्यांनी जिंकली. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीची आणि डिसेंबरमध्ये गुवाहाटीची अशा दोन ‘सुपर १००’ स्पर्धा जिंकल्या. त्यांच्या मधल्या काळात लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सहसा न येणाऱ्या या स्पर्धा. पण ४,००० आणि ५,५०० अशा रकमा जमत गेल्या आणि एप्रिलअखेर ही जोडी पहिल्या सोळांत बसली.

येथे हिशेबाचे दुसरे कलम लागू होते, आणि तेच सर्वांत कठोर आहे. एकेरीत एका देशाचे दोन खेळाडू जाऊ शकतात, पण दोघेही पहिल्या सोळांत असतील तरच. दुहेरीत दोन जोड्या पाठवायच्या तर दोन्ही पहिल्या आठांत हव्यात. अन्यथा देशासाठी एकच जागा. भारताच्या दोन महिला जोड्यांसाठी दरवाजा एकच होता, आणि तो अश्विनी व तनिषा यांना उघडला. वर्षभर ज्यांच्याबरोबर एकाच संघात राहायचे, सांघिक स्पर्धांत ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या, त्याच मैत्रिणी या वर्षातल्या खऱ्या प्रतिस्पर्धी असतात.

पुरुष एकेरीतही तसेच झाले. प्रणॉयने ऑगस्ट २०२३ मध्ये कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनला हरवून कांस्यपदक मिळविले आणि आपली बाजू भक्कम केली. लक्ष्यने जुलैमध्ये कॅनडा ओपन जिंकली. पण त्यानंतर पहिल्याच फेरीतले पराभव वाढत गेले आणि त्याची जागा धोक्यात आली. मार्च २०२४ मध्ये, वही मिटण्यास महिना-दीड महिना उरला असता, त्याने फ्रेंच ओपन आणि ऑल इंग्लंड या लागोपाठच्या स्पर्धांत उपांत्य फेरी गाठली. दोन्ही ठिकाणी तो विजेता नव्हता. पण त्या दोन आठवड्यांत जमा झालेल्या गुणांनी त्याला पॅरिसला नेले. तेथे तो चौथा आला. दोन जागा भरल्यामुळे श्रीकांतसाठी तिसरी जागा उरलीच नाही.

श्रीकांतला हा अनुभव नवा नव्हता. टोकियोच्या वेळी त्याचे आणि सायना नेहवालचे जे झाले, ते अधिक क्लेशकारक होते. करोनामुळे ऑलिम्पिक एक वर्ष पुढे गेले आणि पात्रतेचा काळही वाढविण्यात आला. दोघांनाही थोड्या गुणांची गरज होती आणि त्यासाठी २०२१ च्या मे-जूनमधील स्पर्धांवर त्यांची भिस्त होती. दिल्लीची स्पर्धा लांबणीवर पडली, मग मलेशियाची, शेवटी सिंगापूरचीही रद्द झाली. मे महिन्याच्या अखेरीस महासंघाने जाहीर केले की यापुढे पात्रतेची एकही स्पर्धा होणार नाही आणि क्रमवारी आहे तशीच राहील. बॅडमिंटनमध्ये भारताला पहिले ऑलिम्पिक पदक २०१२ मध्ये मिळवून देणारी सायना त्या स्पर्धांत एकही सामना न खेळताच ऑलिम्पिकबाहेर राहिली. दुकानात माल आहे, विकण्याची हिंमत आहे, पण बाजारच भरला नाही, अशी ती अवस्था होती.

देशमर्यादेचा फटका केवळ भारताला बसतो असेही नाही. टोकियोपूर्वी जपानकडे महिला दुहेरीच्या तीन अव्वल जोड्या होत्या. त्यांतील मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांनी २०१६ मध्ये रिओत सुवर्णपदक जिंकले होते. परंतु जागा दोन, आणि पुढे होत्या फुकुशिमा-हिरोता व मात्सुमोतो-नागाहारा या जोड्या. ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेल्यावर ताकाहाशीने ऑगस्ट २०२० मध्ये निवृत्ती पत्करली. मायदेशात होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये विजेतेपद राखण्याची संधी त्या जोडीला मिळालीच नाही. ज्या दोन जोड्या खेळल्या, त्याही उपांत्यपूर्व फेरीत हरल्या. सायाका हिरोता तर काही आठवड्यांपूर्वी झालेल्या गंभीर दुखापतीमुळे गुडघ्याला आधाराचा पट्टा लावून कोर्टवर उतरली होती.

मग हा नियम अन्यायाचा म्हणावा काय? त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देशमर्यादा नसती, तर चीन, जपान, इंडोनेशिया यांसारख्या मोजक्या देशांनीच बहुतेक जागा व्यापल्या असत्या. ऑलिम्पिक हा सर्व जगाचा मेळा व्हावा, म्हणून प्रत्येक प्रकारात पाचही खंडांना प्रतिनिधित्व देण्याची आणि यजमान देशासाठी जागा ठेवण्याची तरतूद आहे. टोकियोत ग्वाटेमालाचा केविन कॉर्डन जागतिक क्रमवारीत एकोणसाठावा होता, वय चौतीस. तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि चौथा आला. संधी मिळाल्यावर क्रमांक काय करू शकतो आणि माणूस काय करू शकतो, यातील अंतर त्याने जगाला दाखविले.

यादीत नाव आले म्हणून पुढचा हिशेब सोपा होतो असेही नाही. चिराग आणि सात्त्विक यांनी टोकियोत गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. त्यांनी हरविलेल्या तैवानी जोडीने पुढे सुवर्णपदक पटकावले. गटात तीन जोड्यांचे विजय सारखे झाल्याने गेमच्या फरकावर निकाल लागला आणि भारतीय जोडी बाहेर पडली. पॅरिसमध्ये तनिषा आणि अश्विनी यांनी तिन्ही सामने गमावले. हे आपले शेवटचे ऑलिम्पिक, असे सांगताना अश्विनीचे डोळे भरून आले. वर्षभर गावोगावी हिंडून जमविलेल्या गुणांचा शेवट असा झाला. तरीही पॅरिसला पोहोचणे हेच त्या जोडीचे यश होते आणि ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

या सगळ्यात खरे भांडवल लागते ते शरीराचे. दहा चांगले निकाल हवेत म्हणून खेळाडू पंधरा-वीस स्पर्धा खेळतो. आज युरोप, पुढच्या आठवड्यात आशिया. दुखऱ्या खांद्याला विश्रांती द्यावी, तर त्या आठवड्याचे पान कोरे राहते. न द्यावी, तर दुखणे वाढून दोन महिन्यांची पाने कोरी राहतात. हा निर्णय बावीस-तेवीस वर्षांच्या मुलामुलींना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना दर आठवड्याला घ्यावा लागतो. तोटा होऊ नये म्हणून कोणती खरेदी टाळावी, हे कळण्याला व्यापारात अनुभव लागतो. येथे तो मिळविण्यास फुरसतच नसते.

ज्या घरांतील मुले आज पहाटे रॅकेट घेऊन बाहेर पडतात, त्या घरांनी यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, गुणांचा हिशेब मोठ्या वयाचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पाठीशी तो लावू नये. त्या वयातली खरी शिल्लक म्हणजे पायांची चपळाई, निरोगी गुडघे आणि खेळाची गोडी. दुसरी, पुढे कधी यादी जाहीर होईल आणि त्यांत मुलाचे नाव नसेल, तेव्हा प्रथम वही उघडून पाहावी. किती जागा होत्या, कोणत्या महिन्यांचा हिशेब धरला, देशातलेच कोण पुढे होते, हे समजून घ्यावे. यादी एका वर्षाची जमा सांगते. खेळाडूची योग्यता त्या एका वर्षात मावत नाही. घरच्यांना एवढे ठाऊक असले, तर हरून आलेले मूल त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहणार नाही.