दादा, तुमचा नंबर काय?

वाहनाच्या मागेपुढे लावलेली क्रमांकाची पाटी हा आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक नजरांखालून जाणारा मजकूर असावा. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल क्वचितच घेतली, आणि घेतली तेव्हा बहुधा कौतुकानेच घेतली. चार-एक-चार-एक या आकड्यांतील चाराला थोडे वळण द्यावे, एकाचा काना करावा, वर शिरोरेघ ओढावी, की 'दादा' उभा राहतो. दोन-एक-चार यांचा 'राम' होतो, चार-नऊ-एक-दोन यांचा 'पवार' होतो, आणि आठ-शून्य-पाच-पाच यांना इंग्रजी 'बॉस' व्हायला तर फारसे श्रमही पडत नाहीत. याला लोकप्रतिभा म्हणणारे, यात लिपीची क्रीडा पाहणारे, क्वचित मराठी अस्मितेचा उद्गार ऐकणारे रसिक आमच्याच वर्गांत आणि आमच्याच स्टाफरूममध्ये भेटतात. आमचा वाद त्यांच्याशी आहे. पाटी लावणाऱ्याशी वाद घालायला वाहतूक पोलीस आहेत. त्याला रसिकतेचे प्रमाणपत्र बहाल करणाऱ्यांशी वाद घालणे हे आमचे काम आहे.

पहिला दावा असा की हा श्लेष आहे. श्लेषात एक शब्द दोन अर्थ धारण करतो आणि दोन्ही अर्थ वाचकाच्या हाती लागतात, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. सभंग श्लेषातही शब्द वेगळ्या ठिकाणी तोडला जातो, अक्षरे जागची हलत नाहीत. 'दादा'च्या पाटीवर मात्र दुसरा अर्थ जगावा म्हणून पहिला मारावा लागतो. कारागिरी जितकी सरस, तितका क्रमांक नाहीसा. ज्या खेळात यशाचे माप मूळ मजकूर किती पुसला गेला यावर ठरते, त्याला आपल्या अलंकारशास्त्रात नाव नाही. व्यवहारात त्याला खाडाखोड म्हणतात.

याहून विद्वान रसिक कटपयादीची आठवण काढतील. काढावीच, कारण तिथेच त्यांचा पक्ष कोसळतो. कटपयादी पद्धतीत वर्णांना अंकांची मूल्ये दिलेली असतात. भूतसंख्येत 'नेत्र' म्हटले की दोन आणि 'वेद' म्हटले की चार. ज्योतिषगणितातील लांबलचक संख्या श्लोकांत बसाव्यात, पाठ व्हाव्यात, आणि नकला करणाऱ्याच्या हातून सहजी बिघडू नयेत यासाठी या योजनांचा उपयोग होत असे. तेथे शब्द अंकाची राखण करतो. आपल्या दादांच्या पाटीवर शब्द अंकाला गिळतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चित्रकाव्याला अवर ठरवले, पण अवर का होईना, त्याने वाचकाचे काही हिरावून घेतले नव्हते.

येथे वाचकाचे काय हिरावले जाते, हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५० आणि ५१ वाचून पाहावेत. अक्षरे इंग्रजी हवीत, अंक आंतरराष्ट्रीय वळणाचे हवेत; त्यांची उंची, जाडी, मधले अंतर, सारे मिलिमीटरांत ठरवून दिलेले आहे. इतका रूक्ष मजकूर कोणासाठी? ज्याला मालकाचे नाव, गाव, जात, पक्ष यांतले काहीही ठाऊक नाही अशा परक्या माणसासाठी. हा वाचक कोपऱ्यावरचा भाजीवाला असेल, शाळेतून परतणारी मुलगी असेल, रात्रपाळी संपवून निघालेला पहारेकरी असेल. कोणाला तरी उडवून गाडी पळते तेव्हा त्याच्या हाती दोन-तीन सेकंद असतात. पुनर्वाचनाची सोय नाही, संदर्भग्रंथ नाहीत, टीपा नाहीत. अशा वाचकासमोर संदिग्ध मजकूर ठेवणे ही प्रतिभा नव्हे, दगाबाजी आहे.

या दगाबाजीची किंमत कायद्यात रुपयांत लिहिलेली आहे. वाहन ओळखू आले तर मृताचे कुटुंब मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकते; तेथे मृताचे वय, त्याची मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते. वाहन ओळखू आलेच नाही, तर उरते ती 'हिट अँड रन'साठीची २०२२ ची योजना: मृत्यूला २ लाख रुपये, गंभीर दुखापतीला ५० हजार. घरातला कमावता तरुण माणूस गेला असेल तर या दोन वाटांमधले अंतर किती मोठे होते, हे सांगायला गणितज्ञ नको. ते अंतर कित्येकदा चार आकडे वाचता आले की नाही एवढ्यावर ठरते. ज्यांना 'दादा'त गंमत दिसते त्यांनी ही गंमत कोणाच्या खर्चाने चालते तेही पाहावे.

दुसरा दावा अस्मितेचा. पाटीवर देवनागरीला जागा हवी, अशी मागणी कोणी उघडपणे केली, नियम बदलावा म्हणून सभागृहात, न्यायालयात, वृत्तपत्रांत भांडला, तर आम्ही ती मागणी आस्थेने ऐकू. देवनागरी अंकांत स्वच्छ लिहिलेला क्रमांक आजच्या नियमात बसत नाही, पण तो निदान वाचता येतो. 'दादा'चे तसे नाही. तो मराठी वाचकाला क्रमांक सांगत नाही आणि अमराठी वाचकाला तर काहीच सांगत नाही. लिपीचा अभिमान म्हणजे ती वाचली जावी ही इच्छा. लपण्यासाठी लिपीचा बुरखा करणाऱ्याला तिचा अभिमानी म्हणणे हा मराठीचाच अपमान आहे.

आणि या पाट्यांवर लिहिले काय जाते, तेही पाहू. दादा, बॉस, आडनाव, दैवत. अद्याप आमच्या पाहण्यात एकही 'मास्तर' आलेला नाही, 'कवी' तर नाहीच. हा योगायोग नव्हे. 'दादा' हा मुळात घरातला शब्द. थोरल्या भावाला हाक मारण्याचा. तो गल्लीत आला, दरारा झाला, दमदाटी झाला, आणि आता गाडीच्या मागे बसून पाठीमागच्याला बजावतो आहे की समोर कोण आहे हे ओळखून राहा. नोंदणीच्या क्रमांकाने सर्वांना एका रांगेत आणले होते. त्याच्यापुढे आडनावाला वजन नव्हते. पाटी बदलणाऱ्याला नेमकी तीच रांग सोसत नाही. नागरिक म्हणून मिळालेली खूण पुसून तो कुळाची किंवा टोळीची खूण लावतो, आणि आपण त्यात लोककला शोधतो!

शासनाला आम्ही या दोषातून सोडत नाही. चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचे शुल्क मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ऑगस्ट २०२४ मध्ये ४ लाखांवरून ६ लाखांवर नेण्यात आले. उलट, अशा पाटीला बहुधा लागणाऱ्या कलम १७७ चा पहिल्या गुन्ह्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने १०० वरून ५०० रुपये झाला, पुन्हा पकडल्यास १५००. क्रमांक ही प्रतिष्ठेची वस्तू आहे हे आधी शासनानेच दुकान मांडून शिकवले. मग ज्याला सहा लाख परवडत नाहीत त्याने रंगाच्या डबीत प्रतिष्ठा शोधली तर नवल नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उठावाच्या अंकांची, होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असलेली उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. महाराष्ट्रात जुन्या वाहनांसाठीची मुदत २०२५ या एका वर्षात पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. त्या पाटीवरचे अंक वळत नाहीत. म्हणून हौशी लोक पाटीच काढून ठेवतात.

दंड आणि कुलपे यांचे काम शासनाने करावे. आपल्या हाती भाषेचे काम आहे, आणि ते आपण टाळू नये. साहित्याच्या वर्गात आपण संदिग्धतेचे गुण गातो, अर्थाच्या अनेक शक्यता मोकळ्या ठेवायला शिकवतो. ते योग्यच आहे. त्याच वर्गात हेही शिकवायला हवे की काही मजकुरांना एकच अर्थ असणे हे त्यांचे नैतिक कर्तव्य असते: औषधाच्या बाटलीवरचे नाव, विजेच्या खांबावरची सूचना, मतपत्रिका, आणि गाडीचा क्रमांक. हा विवेक ज्याला नाही त्याचे कवितेचे वाचनही आम्हांला संशयास्पद वाटते. तेव्हा पुढच्या खेपेला कोणी विद्यार्थी अशा पाटीचे छायाचित्र कौतुकाने दाखवील, तर त्याला एवढेच सांगावे की यातला क्रमांक मोठ्याने वाचून दाखव, आणि तोही एका नजरेत.